हस्तिदंती डब्याच्या दोन कोऱ्या पट्ट्या

माझ्या दुकानात, मी बसतो त्याच्या मागच्या फळीवर, एक हस्तिदंती डबा आहे. वीतभर लांब, तळहाताएवढा रुंद, सपाट झाकणाचा. गिऱ्हाईक विचारतं, केवढ्याला? मी म्हणतो, विकायचा नाही. जुन्या सामानाच्या धंद्यात असं म्हणणारा माणूस भाव चढवतोय असंच सगळे समजतात. मीही आयुष्यभर तसाच भाव चढवत आलो. या डब्याच्या बाबतीत मात्र मी खरं बोलतो, आणि नेमका तेव्हाच कुणाचा विश्वास बसत नाही.

तो माझ्याकडे आला ते मोठ्या दुष्काळानंतरचं वर्ष होतं. जालना तेव्हा जिल्हा नव्हता, औरंगाबादचा तालुका होता. मी चौतिशीचा होतो आणि स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं स्वतःचं दुकान होतं. स्वतःचं हा शब्द मी मुद्दाम लिहितो. आमचं गाव धावड्याच्या बाजूला. बाप लोकांच्या शेतात राबायचा. आम्ही धर्म बदलला तेव्हा मला मिसरूड फुटत होतं. घरातले देव गेले, भिंतीवर बुद्धाची तसबीर लागली, पण गावच्या हॉटेलाबाहेर आमच्यासाठी वेगळा ठेवलेला फुटका कप होता तो तिथंच राहिला. त्या कपाला लाथ मारून मी गाव सोडलं. ही बढाई नाही. खरंच लाथ मारली आणि हॉटेलवाल्याच्या मारातून पळत सुटलो तो जालन्याला आलो. डोक्यावर टोपली घेऊन फुटके डबे गोळा केले, मग सायकल घेतली, मग लोकांच्या घरातली जुनी कपाटं, घड्याळं, समया. पितळ कोणतं आणि पितळेचा मुलामा कोणता हे मी डोळे मिटून सांगायचो. तोंड मात्र कायम पेटलेलं. लग्न झालं होतं. बायको पहिल्या दिवाळीला माहेरी गेली ती परत आली नाही. कुणी विचारलं तर मी सांगायचो की तिला शहर मानवलं नाही.

दुकान मांडलं त्या पहिल्या दिवशी मी फळ्या ठोकत होतो, तेव्हा रस्त्यापलीकडून एक म्हातारा माणूस हातात दोन कप घेऊन आला. समोरचाच चुडीगर. खरादावर, म्हणजे कातण्याच्या चरकावर, हस्तिदंताचे चुडे करायचा. मारवाड्यांच्या मुलींच्या लग्नाला लागायचे, आणि तांड्यावरच्या बायाही बाजाराच्या दिवशी यायच्या. त्यानं एक कप स्वतःच्या तोंडाला लावला आणि दुसरा माझ्या हातात दिला. दोन्ही सारखे, निळ्या काठाचे. चहा पिऊन झाल्यावर मी सवयीनं कप विसळायला उठलो.

"बैस रे," तो म्हणाला. "मेहमान कप धोते नहीं."

त्यानंतर सहा-सात वर्षं, रोज तिसऱ्या प्रहरी, मी त्याच्या दुकानात चहा प्यालो. दोन कप एकाच खिळ्याला अडकवलेले असायचे. कुणाचा कोणता हे कधी ठरलं नाही. मी त्याला चाचा म्हणायचो. तो मला सौदागर म्हणायचा, आणि ते कौतुक नव्हतं.

"काय चाचा, एका बांगडीला किती दिवस लावून राह्यले?"

"तुझी जीभ जेवढी चालते तेवढा माझा खराद चालत न्हाई, सौदागर. म्हणून वेळ लागतो."

त्याची एक रीत होती. प्रत्येक चुड्याच्या आतल्या बाजूला, जिथं मनगट लागतं, तिथं तो लाखेचा बारीक लाल ठिपका द्यायचा. बाहेर नाव नाही, खूण नाही. त्याच्या बापाचीही तशीच रीत होती म्हणे. मी चेष्टा करायचो.

"आत ठिपका देऊन काय फायदा? बाहेर द्या, चार गिऱ्हाइकं वाढतील."

"जिसने पहना उसको मालूम."

"तिला तरी कुठं दिसतो?"

"टूटेगा तब दिखेगा. मंग माझ्याकडंच आणतील."

जालन्यात मला ओळखणारे पुष्कळ होते. माझ्याशी घासाघीस करायला येणारे त्याहून जास्त. पण मी दोन दिवस दुकान उघडलं नाही तर रस्ता ओलांडून येईल असा माणूस तो एकच होता. एकदा मला ताप आला तेव्हा तो आलाच होता, पेज घेऊन, आणि माझ्या खाटेवर बसून त्या पेजेला नावं ठेवत होता, कारण ती त्याच्या मुलीनं केली होती.

छावणीच्या बाजूला एका जुन्या बंगल्यात एक गोरी बाई एकटी राहायची. सगळे तिला मडमबाई म्हणायचे. तिनं बदनापुरात आणि आसपासच्या खेड्यांत पोरींना शिवण शिकवण्यात आयुष्य काढलं होतं. बोलायची आमच्यासारखीच. आता वय झालं म्हणून सगळं विकून दक्षिणेत कुठल्या आश्रमात चालली होती. सामान बघायला मी गेलो तेव्हा ती दारातच म्हणाली, "मंग, आलास का लुटायला?"

"लुटायला न्हाई, बाई. ओझं हलकं करायला."

कपाट, घड्याळ आणि दोन आरामखुर्च्या यांवर आम्ही दुपारभर भांडलो. माझ्यासारखीच तीही एका एका गोष्टीवर अडून बसायची, आणि मला खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. शेवटी माझं लक्ष शिवणयंत्राजवळच्या डब्याकडे गेलं. त्यात बटणं होती. मी नजर आरामखुर्च्यांकडे वळवली. जी वस्तू हवी तिच्याकडे बघायचं नाही हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. पण ती बाई हुशार.

"त्याच्याकडं बघत न्हाईस म्हणजे तोच पाहिजे तुला," ती म्हणाली.

मग तिनं डबा माझ्या हातात दिला आणि सांगितलं. सिसिली नावाचं एक बेट आहे. आठशे वर्षांपूर्वी तिथला राजा ख्रिस्ती होता आणि त्याच्या राज्यात कारागीर मुसलमान होते. असे डबे ते कारागीर बनवायचे. आतून लाकूड, वरून हस्तिदंताच्या पातळ पट्ट्या, त्या पट्ट्यांवर रंगानं आणि सोन्यानं काढलेली चित्रं. कितीएक डबे पुढं ख्रिस्ती देवळांत गेले. या डब्यात एका संताचं हाड ठेवलेलं होतं. तिच्या आजोबांनी तो तिकडून आणला. आजीनं त्यात मुलांचे पहिले केस ठेवले. हिनं बटणं ठेवली.

"रिकामा ठेवायचा न्हाई हा डबा," ती म्हणाली. "तू काय ठेवशील?"

"मी विकीन, बाई."

"मंग विकेपर्यंत तरी," असं म्हणून तिनं बटणं ओंजळीत काढून घेतली. भाव कितीला ठरला ते मी सांगणार नाही. तिला कमी दिले असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

डबा घेऊन मी थेट चाचाकडे गेलो. आता चित्रं कशी होती ते लिहून ठेवतो, कारण ती पाहिलेला दुसरा माणूस आता राहिलेला नाही. दर्शनी बाजूच्या एका पट्टीवर दोन मोर होते, मध्ये झाड, आणि दोघांनी माना मागे वळवून एकमेकांकडे पाहिलेलं. त्याच्या शेजारच्या पट्टीवर एका गोलात पायघोळ अंगरखा घातलेला दाढीवाला संत होता. त्याची दोन बोटं उचललेली होती आणि डोक्यामागे सोन्याचं वर्तुळ. रेघा काळ्या, केसाइतक्या बारीक. रंग हिरवा, तांबडा. झाकणाच्या काठानं अक्षरांची एक ओळ फिरत गेली होती. लहानपणी, निजामाच्या अमलात, मी दोन इयत्ता उर्दू शिकलो होतो. अक्षरं ओळखीची वाटत होती, शब्द लागत नव्हते.

चाचानं हात धुतले, पंच्याला पुसले आणि मग डबा घेतला. डोळ्यांशी नेऊन बराच वेळ ओठ हलवत राहिला.

"अरबी आहे. पूरा लगता नहीं. ज्याचा डबा आहे त्याला... इज्जत, सलामती, लंबी उमर. ऐसाच कुछ."

"आणि हा बाबा कोण?"

"उनके कोई पीर होंगे."

"मंग तुमची अक्षरं आणि त्यांचा पीर एका डब्यावर कसे काय?"

चाचा हसला. "चुडा मी करतो, घालते मारवाड्याची लेक. लगीन लागतं ना बराबर?"

डब्याच्या मागच्या बाजूच्या चार पट्ट्यांपैकी मधल्या दोन पडून गेल्या होत्या, खालचं काळं लाकूड दिसत होतं. मुंबईचा एक व्यापारी वर्षातून दोनदा जालन्याला यायचा, असल्या वस्तू उचलायचा. मी त्याला पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं: दोन आठवड्यांनी येतो, वस्तू पूर्ण असेल तर बघू.

वस्तू पूर्ण करणारा माणूस माझ्या समोरच बसत होता. मी त्याला म्हणालो, "चाचा, दोन पट्ट्या बसवा. आणि वर तसेच मोर काढा, तसाच बाबा. रंग जरा मळवा, म्हणजे झालं."

"पट्ट्या बसवतो. चित्र न्हाई काढणार."

"का? हात न्हाई चालत?"

"हात चालतो."

त्याचा हात काय होता हे मला माहीत होतं. चुड्यावर लाल-हिरव्या वेलबुट्ट्या तो बोलता बोलता काढायचा.

"मंग अडचण काय?"

"सौदागर, मी काढलेला मोर तू आठशे बरसाचा म्हणून खपवणार. वो मोर मेरा नहीं होगा, उनका भी नहीं होगा."

"म्हणजे मी फसवा. असंच ना?"

तो खराद फिरवायला लागला. मी पुन्हा विचारलं, खराद फिरतच राहिला. त्यानं तेव्हा नुसतं 'न्हाई रे' म्हटलं असतं तरी भागलं असतं. आयुष्यात मला चोर म्हणणारे कमी नव्हते, जात बघून म्हणणारे होते आणि दुकान बघून म्हणणारेही होते. त्यांच्या म्हणण्याचं मला काही वाटत नव्हतं. हा काय म्हणतो याचं वाटत होतं, आणि हा काही म्हणत नव्हता.

डबा त्यानं आठ दिवस ठेवून घेतला. दोन पट्ट्यांना आठ दिवस कशाला, असं मी रोज विचारायचो आणि तो रोज म्हणायचा, "जल्दी नक्को." नवव्या दिवशी डबा परत दिला. काम असं की नख अडकू नये. पट्ट्या हस्तिदंताच्याच बारीक खुंट्यांनी बसवल्या होत्या, जुन्या होत्या तशा. पण कोऱ्या. दुधासारख्या पांढऱ्या दोन पट्ट्या, आणि बाकीचा डबा जुन्या लोण्याच्या रंगाचा.

"खुंट्या ढिल्या झाल्या तर माझ्याकडंच आण," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नक्को."

मजुरी दिली तर घेतली नाही. मला तेही लागलं. फसवणाऱ्याचे पैसे नकोत, असा मी अर्थ घेतला.

दोन दिवसांनी मुंबईचा व्यापारी येणार होता. डबा समोर ठेवून मी विचार करत बसलो. नवं जुन्यासारखं करायला हा तयार नाही, तर जुनं नव्यासारखं करू. हस्तिदंत कसा उजळायचा हे मला चाचाकडे बघून बघून पाठ झालं होतं. लग्नाचा चुडा पिवळा पडला की बायका आणायच्या, तो कोमट पाण्यात रिठे कुस्करून मऊ कुंच्यानं धुवायचा, आणि चुडा पुन्हा पांढरा व्हायचा. वरच्या वेलबुट्टीला काही होत नसे. मी शेकडो वेळा पाहिलं होतं.

मी रिठे भिजवले. परातीत पाणी घेतलं. कुंचा फिरवला.

चुड्यावरची वेलबुट्टी लाखेची असते, ती तापवून दंतात बसवलेली असते. डब्यावरचा रंग नुसता वर ठेवलेला होता, आठशे वर्षं नुसता ठेवलेला. हे मला ठाऊक असायला हवं होतं. पितळ आणि मुलामा ओळखणाऱ्या माणसाला हे कळायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात हस्तिदंत म्हणजे चुडा, आणि चुडा म्हणजे रिठ्याचं पाणी. फेस जमला होता म्हणून पहिल्यांदा दिसलं नाही. फेस हटवला तेव्हा परातीत सोन्याचे कण तरंगत होते आणि डब्यावर मोर नव्हते. झाडाच्या खोडाची एक रेघ होती. संत गेला होता. डोक्यामागच्या वर्तुळाचा एक तुकडा राहिला होता, चंद्रकोरीसारखा. अक्षरं तर कधी नव्हतीच असं वाटावं अशी गेली.

ते पाणी मी संध्याकाळपर्यंत फेकलं नाही. परात तशीच ठेवून बसलो होतो. जणू त्यातून काही परत काढता येणार होतं.

व्यापारी आला. त्यानं भिंग लावलं, डबा एकदा फिरवला आणि एकच शब्द बोलला.

"धुतला?"

मी हो म्हणालो. त्यानं चहा पूर्ण प्याला, एक जुनी समई घेतली आणि निघून गेला. तो खूप बोलला असता, माझ्यावर हसला असता, तर मी त्याच्याशी भांडलो असतो आणि माझा राग तिथं निघाला असता. तो राग तसाच राहिला. मी रस्ता ओलांडला.

चाचाच्या दुकानात बाजाराचा दिवस म्हणून पाच-सहा बाया बसल्या होत्या. त्यांच्यासमोर मी बोललो. तू चित्र काढलं असतंस तर मला धुवायची वेळ आली नसती. तुझ्यामुळं झालं. त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा अरे-तुरे केलं. तो गप्प होता, आणि तो गप्प राहिला की मला काय होतं हे त्याला माहीत होतं.

"बोल ना! तोंड न्हाई का?"

"काय बोलू," तो म्हणाला. "तेरा नुकसान हुआ. बुरा हुआ."

"तुम्हा लोकांना दुसऱ्याचं भलं बघवतच न्हाई."

हे वाक्य मी बोललो. कुणाच्या तोंडून ऐकून नाही, माझ्याच तोंडून. 'तुम्ही लोक' हे दोन शब्द मी लहानपणापासून झेलत आलो होतो, कुठून फेकले की कुठं लागतात हे मला बरोबर माहीत होतं.

खराद थांबला. चाचा उठला, खिळ्यावरून दोन कपांपैकी एक काढला, रस्त्यापर्यंत माझ्याबरोबर आला आणि तो कप माझ्या हातात दिला.

"ये ले जा."

बस, इतकंच. माझा कप वेगळा झाला. गावच्या हॉटेलवाल्यानं मारलं होतं ते मी विसरलो, पण त्या दुपारी निळ्या काठाचा कप हातात घेऊन मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो ते नाही विसरलो. माझा शब्द वाईट होता, मान्य. पण शब्द रागाचा होता. त्यानं कप दिला तो शांत डोक्यानं दिला. हा हिशेब मी त्यानंतर किती वर्षं मनात मांडत आलो आणि दर वेळी तो माझ्याच बाजूनं सुटतो.

त्याचं दुकान माझ्या उंबऱ्यापासून अकरा पावलांवर होतं. हे मी भांडणानंतर मोजलं, आधी मोजायची गरज पडली नव्हती. तिसऱ्या प्रहरी चहाची वेळ झाली की तो खराद थांबवायचा. मी आतल्या खोलीत जाऊन बसायचो, म्हणजे तो माझ्याकडे बघतो की नाही हे मला कळू नये. मी घरी स्टोव्हवर चहा करायचो. सहा-सात वर्षं मी स्वतःसाठी चहा केला नव्हता, आणि एका माणसाला पाणी किती घालायचं हे मला जमेना. रोज थोडा उरायचा.

अशी तीन वर्षं गेली. हस्तिदंत मिळेनासा झाला होता, बाजारात प्लॅस्टिकचे चुडे आले होते. तांड्यावरच्या बायाही ते घ्यायला लागल्या. एके दिवशी चाचानं खराद काढून हातगाडीवर चढवला. मी दुकानात गिऱ्हाइकाशी एका घंगाळ्याच्या किमतीवर ओरडून भांडत होतो. ते घंगाळं मी त्या दिवशी कितीलाही दिलं असतं, पण आवाज खाली येऊ द्यायचा नव्हता. हातगाडी माझ्या दारावरून गेली. तो तिच्या मागं चालला होता. थांबला असेल तर मला दिसलं नाही, मी पाठ केली होती.

तो परतूरला मुलीकडे गेला असं नंतर कळलं. आणि वारल्याचं कळलं ते, त्याच्या गाळ्याचा मालक कुलूप उघडायला आला तेव्हा. महिना होऊन गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी परतूरची गाडी पकडली. कशासाठी ते मला सांगता येणार नाही. मुलगी आत होती, जावई बाहेर आला. तो कापसाच्या बाजारात तोलाईचं काम करायचा, सरळ माणूस. त्यानं बसवलं, पाणी दिलं. मी कोण हे सांगितल्यावर म्हणाला, "अच्छा, सौदागर आप ही?"

मी मान हलवली.

"आखिर आखिर में बहुत पूछते थे. जालन्याहून कोई आया की पूछते, सौदागर के डिब्बे की खूँटी ढीली हुई क्या? हम समझते नहीं थे. कौन सा डिब्बा?"

मी म्हणालो, "आहे एक." आणि लवकर उठलो.

परतीच्या गाडीत मी पेटलो होतो. मरताना माणूस आठवण काढतो ती कशाची? माझ्या नुकसानीची. 'माझं काम किती पक्कं आणि तुझं डोकं किती कच्चं', हेच त्याला शेवटपर्यंत म्हणायचं होतं. माझी चौकशी नाही. मी जेवतो का, मला ताप आला तर कोण येतं, हे नाही. खुंटी ढिली झाली का! स्टेशनवरून मी चालत नाही, पळत दुकानात आलो. ठरवलं, त्याच्या दोन पट्ट्या या डब्यावर ठेवायच्या नाहीत. उपटून रस्त्यावर टाकायच्या, अकरा पावलांच्या मधोमध.

पकड घेऊन मी पहिली खुंटी ओढली. मला वाटलं होतं तुटेल. ती हातात आली, मऊ, पाण्यातून काढावी तशी. त्यानं सरस लावलाच नव्हता. दुसरी तशीच, तिसरी तशीच. पट्टी सुटली आणि उलटी माझ्या मांडीवर पडली.

आतल्या बाजूला मोर होते.

दोन, माना वळवलेले, मध्ये झाड, सगळं लाखेत तापवून बसवलेलं. काळी रेघ केसासारखी, हिरवा, तांबडा, आणि झाडाच्या शेंड्याला सोनेरी. दर्शनी बाजूवर होते तसेच, जे मी धुऊन टाकले ते. खाली कोपऱ्यात, मोराच्या पायाजवळ, लाखेचा एक लाल ठिपका.

दुसऱ्या पट्टीच्या खुंट्याही ओढल्या आणि ती उलटी केली. तिच्यावर संत होता. पायघोळ अंगरखा, त्याच्या एकूण एक चुण्या, उचललेली दोन बोटं, डोक्यामागं पूर्ण वर्तुळ. चेहरा मात्र काढलेला नव्हता. चाचानं आयुष्यात कधी माणसाचं तोंड काढलं नव्हतं, त्याला ते चालायचं नाही. तेवढी जागा त्यानं कोरी सोडली होती, दाढीच्या रेघेपर्यंत येऊन. आणि जुन्या पट्टीवरचा तो चेहरा मीच धुतला. आता तो कुठंच नाही. मी आठवायला बसतो, तर मला दाढी आठवते, डोळे आठवत नाहीत.

तेव्हा आठ दिवस याला लागले होते. मी ते विकू नये, पण माझ्याजवळ असावं, म्हणून त्यानं ते लाकडाकडे तोंड करून बसवलं होतं. खुंटी ढिली झाली की मी डबा घेऊन रस्ता ओलांडून जाईन, तो पट्टी काढील आणि उलटी करून माझ्यासमोर ठेवील. मी काय बोलतो ते बघायला तो बसला असेल. त्याच्या ठिपक्याची चेष्टा करणारा मीच, चुड्याची आतली बाजू रोज बघणारा मीच, आणि इतकी वर्षं मला एकदाही वाटलं नाही की पट्टीलाही आतली बाजू असते.

मी फसवा आहे असं त्याला वाटत होतं का? माझी अशी समजूत आहे की वाटत नव्हतं. पण हे मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं आणि ते ऐकायला मी अकरा पावलं गेलो नाही. त्याच्यावरचा राग गेला असं मात्र मी लिहिणार नाही. सांगायला काय झालं होतं? बाया बसल्या होत्या त्यांच्यासमोर सांगायचं. 'अरे गाढवा, पट्टी उलटी कर' म्हणायचं. मी ऐकलं नसतं, पण त्यानं म्हणायला पाहिजे होतं.

पट्ट्या मी होत्या तशा बसवल्या, चित्रं आत. बाहेरून आता त्या कोऱ्या आहेत आणि डब्याचा बाकीचा भागही जवळजवळ कोरा आहे, आणि इतक्या वर्षांत त्यांचा रंग एक झाला आहे. नवीन माणसाला नव्या कोणत्या ते सांगता येत नाही. खुंट्यांना मीही सरस लावलेला नाही.

मडमबाईनं सांगितलं होतं की डबा रिकामा ठेवायचा नाही. त्या संध्याकाळी मी फळीवर ठेवलेला, चाचानं परत दिलेला निळ्या काठाचा कप काढला, विसळला नाही, आणि डब्यात ठेवून पाहिला. कपाचा कान आडवा येतो. झाकण पूर्ण लागत नाही, बोटभर उघडं राहतं. तसंच आहे.